ती अंबाडी नव्हतीच!

माझं माहेर अकोल्याकडचं. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी आणि ज्वारीची भाकरी, यावर वाढलेली मी. लग्न होऊन मुलुंडला आले त्याला आता बावीस वर्षं झाली, तरी भाजीवाल्याकडे अंबाडीची जुडी दिसली की पाय आपोआप थबकतात. म्हणूनच साधारण दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीच्या खिडकीत, तुळस आणि गवती चहाच्या मध्ये, हातभर उंचीची तीन हिरवीगार रोपं पाहिली तेव्हा मला भलतंच कौतुक वाटलं.

‘‘अगंबाई, अंबाडी लावलीस तू?’’ मी विचारलं.

‘‘मी नाही गं ताई, पोराने लावलीय. कॉलेजचं काहीतरी प्रोजेक्ट आहे म्हणे. अंबाडीच आहे म्हणाला. आमच्या देवगडकडे अंबाडे असतात, आमटीत घालतो आम्ही. पण ही तुमची अंबाडी मला काय ठाऊक! तो कॉलेजला गेला की मीच पाणी घालते.’’

मी सवयीने एक पान खुडलं, चुरगळलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. अंबाडीचं पान कसं असतं, तर आंबट! जिभेला लावल्याबरोबर कळतं. हे पान आंबट नव्हतं. कडवट होतं आणि बोटांना एक उग्र, चिकट वास राहिला होता. नीट पाहिलं तर देठसुद्धा अंबाडीसारखा लालसर नव्हता. पानाची बोटं मात्र अगदी तशीच. हे साम्य काही माझ्या एकटीच्या नजरेतलं नाही बरं का. अंबाडीचं शास्त्रीय नावच मुळी ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ आहे, म्हणजे गांजासारख्या पानांची जास्वंद!

हो, ती गांजाची रोपं होती.

ही हकीकत मैत्रिणीच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पण लिहायचं ठरवलं, कारण गेल्या काही वर्षांत महिला मंडळाच्या आणि बचत गटाच्या कामात अशा तीन-चार आया मला भेटल्या. सगळ्या साध्या, सकाळी डबे करणाऱ्या, संध्याकाळी दिवा लावणाऱ्या. आणि सगळ्यांचं एकच वाक्य, ‘‘आमच्या घरात असं काही होईल असं वाटलंच नव्हतं.’’

आधी माझी चूक सांगते. त्या दिवशी घाबरून मी मैत्रिणीला म्हटलं, ‘‘हे बघ, यांना काही सांगू नकोस. रोपं उपटून टाक आणि पोराला चार थोबाडीत दे, विषय संपला.’’ तिने तसंच केलं. त्या रात्री तिन्ही रोपं उपटली, पोराला बडवलं आणि स्वतः रडत बसली. मला फोनवर म्हणाली, ‘‘ताई, ज्याने आजवर तुळशीला तांब्याभर पाणी घातलं नाही, तो पोरगा त्या रोपांची माती बोटाने चाचपून बघायचा गं. मला वाटायचं, चला, काहीतरी चांगली आवड लागली.’’

विषय संपला नव्हता. चार महिन्यांनी त्याच्या खोलीतल्या कपाटातून रात्रंदिवस बारीक घरघर यायला लागली. विजेचं बिल वाढलं. खोलीत सतत उदबत्ती. ज्या पोराने देवासमोर कधी उदबत्ती लावली नाही, त्याच्या खोलीत दिवसाला पुडा संपतो म्हणजे काय? शेवटी कपाट उघडलं. आत चंदेरी कागद, दिवे, छोटा पंखा आणि पाच कुंड्या. या वेळी बिया साध्यासुध्या नव्हत्या. कुणा मित्राकडून मिळवलेल्या, विदेशी नावाच्या, ‘हायब्रीड’ बिया होत्या.

आपल्याला हायब्रीड म्हटलं की ज्वारी आठवते, टोमॅटो आठवतात. उत्पन्न जास्त, चव कमी! गांजाचं हायब्रीडही तसंच संकरातून केलेलं. या झाडाच्या दोन मुख्य जाती सांगतात. उंच, सडपातळ पानांची ‘सॅटिव्हा’ आणि बुटकी, रुंद पानांची ‘इंडिका’. या दुसऱ्या जातीचं नावच आपल्या देशावरून, लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये दिलेलं. गेल्या पन्नासेक वर्षांत परदेशातल्या हौशी आणि धंदेवाईक लोकांनी यांचे शेकडो संकर केले. एकाने तरतरी येते, दुसऱ्याने सुस्ती येते, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्यावर फार विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आता इतकी सरमिसळ झालीय की नावावरून आत काय आहे ते सांगता येत नाही, असं शास्त्रज्ञच म्हणतात. खरा फरक वेगळाच आहे, आणि तो आपण आयांनी समजून घ्यायला हवा.

या झाडात नशा आणणारं जे द्रव्य आहे त्याला थोडक्यात ‘टीएचसी’ म्हणतात. १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते वेगळं काढून दाखवलं. अमेरिकेत पकडलेल्या गांजाचे नमुने वर्षानुवर्षं तपासले जातात. १९९५ च्या सुमारास त्यात टीएचसीचं प्रमाण सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आज तिथल्या दुकानांत २० टक्क्यांच्या वरचा मालही सर्रास मिळतो. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात देवळामागच्या पारावर बुवा जी चिलीम ओढायचे, तिची आणि या कपाटातल्या हायब्रीडची तुलनाच होऊ शकत नाही. ताक आणि दारू दोन्ही पेल्यातूनच पितात, म्हणून ती सारखी होतात का?

त्याचा परिणाम मैत्रिणीने डोळ्यांनी पाहिला. सुरुवातीला पोरगा उगाच हसायचा. मध्यरात्री उठून फ्रीजमधलं सगळं संपवायचा. डोळे लाल. ‘अभ्यास करून जळजळतात’ म्हणायचा. मग एका रात्री दोन वाजता तो आईच्या खोलीत आला, अंग घामाने भिजलेलं. ‘‘आई, छातीत फार धडधडतंय. मी मरणार. समोरच्या बिल्डिंगमधले लोक माझ्याकडे बघतायत.’’ समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या खिडक्या बंद होत्या. वीस वर्षांचा, सहा फुटी पोरगा, आईच्या मांडीत डोकं खुपसून पहाटेपर्यंत थरथरत होता. त्या रात्री वडिलांनाही सगळं कळलं. कळायलाच हवं होतं. मी लपवायला सांगितलं नसतं तर चार महिने आधी कळलं असतं.

मनोविकारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला शांतपणे समजावलं. जास्त टीएचसीमुळे अशी भीती, असे संशय येऊ शकतात. बहुतेकांचं काही तासांत ओसरतं, काहींचं ओसरत नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या वैद्यकीय मासिकात युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास आला होता. टीएचसी १० टक्के किंवा त्याहून जास्त असलेला गांजा जे रोज घेतात, त्यांच्यात भ्रम-भास होण्याच्या आजाराची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. घेणारा प्रत्येक जण वेडा होतो, असं मुळीच नाही. पण मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि आपली मुलं नेमकी त्याच वयात याच्या नादी लागतात. साधारण दहा घेणाऱ्यांतल्या एकाला व्यसन जडतं, पण अठराच्या आत सुरुवात केलेल्यांत हेच प्रमाण सहांत एक असं सांगितलं जातं. ‘गांजाचं व्यसन लागतच नाही’ हे जे मुलं आपल्याला ठासून सांगतात, ते खरं नाही.

मुलं वाद घालतात हं, आणि त्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नसतात. मैत्रिणीच्या मुलाने माझ्याशी तासभर वाद घातला. ‘‘काकू, ही वनस्पती आहे, केमिकल नाही.’’ ‘‘काकू, महाशिवरात्रीला भांग चालते, मग हे का नाही?’’ ‘‘इंग्रजांनीच कमिशन नेमलं होतं, त्यांनी काय लिहिलंय वाचा!’’ मी वाचलं. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने खरोखरच एक आयोग नेमला होता. त्याचा सात खंडांचा अहवाल आहे आणि बेताने घेणाऱ्यांना फारसा अपाय होत नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण अतिसेवन घातक, असंही त्यातच म्हटलं आहे. आणि मुख्य म्हणजे तो अहवाल सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गांजाबद्दल आहे, या कपाटातल्या संकराबद्दल नाही. वनस्पती म्हणशील तर धोतराही वनस्पतीच आहे बाळा, असं मी त्याला म्हटलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

या झाडाचे औषधी उपयोग आहेत, हेही मी त्याच्यापाशी मान्य केलं. लहान मुलांच्या काही दुर्मीळ प्रकारच्या फिट्सवर या झाडातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्यापासून केलेलं औषध अमेरिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं. त्याच वर्षी आपल्या उत्तराखंडने जवळजवळ नशा नसलेल्या, धाग्यासाठीच्या भांगेच्या लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली. पण डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध वेगळं आणि कपाटातलं पीक वेगळं. खोटं बोलून मुलांना घाबरवलं की ती आपलं खरंही ऐकेनाशी होतात, हे मी या प्रकरणात शिकले.

आता कायद्याचं. हे मात्र प्रत्येक आईने पदराला गाठ मारून ठेवावं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात, गांजाचं झाड विनापरवाना लावणं हाच गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किती रोपं, याचा आकडा त्या कलमात नाही. शेतभर लावलं काय नि कुंडीत लावलं काय, कलम तेच. जवळ गांजा सापडला तर एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोच्या वर ‘व्यापारी प्रमाण’, त्याला किमान दहा वर्षं. आणि माहीत असूनही आपलं घर अशा कामाला वापरू दिलं, तर घरमालक किंवा घरात राहणारा ताबेदारही तितकाच दोषी धरला जातो. मैत्रिणीने पहिल्यांदा पाणी घातलं ते अंबाडी समजून. पण कपाट उघडल्यावरही तिने ‘जाऊ दे, घरातल्या घरात आहे ना’ म्हणत दुर्लक्ष केलं असतं, तर?

पुस्तकी भीती नाही ही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात एका फ्लॅटमध्येच अशी दिव्याखालची गांजाची शेती पोलिसांनी पकडली. आपल्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या डोंगराळ भागात शेतातला गांजा पकडल्याच्या बातम्या तर नेहमीच्याच. आणि इथे अंधेरीजवळच्या आपल्या विमानतळावर २०२४ आणि २०२५ मध्ये बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून, खाऊच्या पाकिटांतून, ‘हायड्रोपोनिक’ गांजा सारखा सापडत होता. हायड्रोपोनिक म्हणजे मातीशिवाय, खतपाण्यावर, बंद खोलीत वाढवलेला. कस्टमवाले त्याची किंमत किलोला एक कोटीच्या आसपास धरतात! थायलंडने जून २०२२ मध्ये गांजावरचे निर्बंध उठवले, तेव्हापासून ही वाट रुळली. जून २०२५ मध्ये त्यांनीही नियम पुन्हा कडक करून डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. ज्यांनी मोकळीक दिली त्यांनाही लगाम खेचावा लागला, हे मुलांना जरूर सांगा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईचं, आमच्या गावात कुठलं आलंय! मैत्रिणींनो, बार्शीहून, चिपळूणहून, यवतमाळहून मुलं शिकायला, नोकरीला मुंबई-पुण्यालाच येतात ना? चार जणांत खोली घेऊन राहतात. ‘फुकट बँकॉक फिरून ये, फक्त एक बॅग आणायची’ हे आमिष दाखवलं जातं ते अशाच गरजू मुलांना. बॅग देणारा कधी सापडत नाही. सापडतो तो बॅग उचलणारा. आणि त्या मुलाची आई गावात असते.

२०१९ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले लोक होते सुमारे ३ कोटी १० लाख. त्यातल्या ७२ लाखांना मदतीची गरज होती. हे ७२ लाख कुणाची तरी मुलं आहेत, कुणाचे तरी नवरे आहेत.

मंडळात हा विषय निघाला तेव्हा दोनच उपाय पुढे आले. एक, ‘पोलिसांत देऊन टाक, अद्दल घडेल.’ दुसरा, ‘लग्न लावून दे, सुधारेल.’ दुसऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या घरचा विस्तव दुसऱ्याच्या लेकीच्या पदरात का टाकायचा? पहिल्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे. पुरवठा करणाऱ्याला, शाळेबाहेर पुड्या विकणाऱ्याला जरूर धरा. अठरा वर्षांखालच्या मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, ती व्हायलाच हवी. पण नादी लागलेल्या मुलाला आधी डॉक्टर हवा. हे मीच म्हणते असं नाही. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमातही स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून सूट मिळू शकते. लागवडीला ही सवलत गृहीत धरू नका. म्हणूनच कुंडीपर्यंत पोचण्याआधी बोला, असं मी कळवळून सांगते.

आपल्या महाराष्ट्रात तर ही वाट कधीच घालून दिलेली आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. आज ते दोघंही नाहीत, पण काम चालू आहे. आपल्याच गावात विचारायचं कसं, अशी लाज वाटत असेल तर फोनवर विचारा. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही ‘टेलि-मानस’, मनाच्या तक्रारींसाठी. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत.

मैत्रिणीचा मुलगा लगेच सुधारला, असं गोड गोड लिहिणार नाही. पहिले दोन आठवडे त्याला झोप नव्हती, भूक नव्हती, नुसती चिडचिड. सोडताना असं होतंच, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. एक वर्ष वाया गेलं. मध्ये एकदा मित्रांबरोबर पुन्हा ओढला, आणि या वेळी घरी येऊन स्वतः सांगितलं. वडिलांचा हात वर गेला होता, पण तो खाली आला. मला विचाराल तर त्या घराने लढाई जिंकली ती त्या क्षणी. कारण पोरगं सांगायला लागलं. आता तो एका ठिकाणी नोकरी करतो, राहिलेले विषय सोडवतो आणि मनोविकारतज्ज्ञांकडे अजून जातो.

पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, ‘‘का रे सुरू केलंस?’’ तो म्हणाला, ‘‘काकू, ती रोपं वाढताना बघून पहिल्यांदा वाटलं, आपल्याला काहीतरी जमतंय. घरात मार्कांशिवाय कुणी काही विचारायचंच नाही.’’ हे ऐकून मैत्रीण गप्प झाली. खरं सांगते, मीही झाले. माझ्याही घरात दोन मुलं आहेत. त्यांना मी रोज काय विचारते? ‘जेवलास का’ आणि ‘पेपर कसा गेला’!

तेव्हा बायांनो, मुलाच्या कुंडीत, कपाटात, मित्रांत काय वाढतंय ते बघा. पोलिसासारखं नको, आईसारखं बघा. शंका आली तर लपवू नका, घरातल्या पुरुषांपासूनही नाही. वास झाकणारी उदबत्ती दिसली तर विचारा. आणि उत्तर मिळाल्यावर ओरडण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका.

मैत्रिणीच्या खिडकीत आता खरीखुरी अंबाडी आहे. मीच अकोल्याहून बी आणून दिलं. परवा तिच्याकडे भाकरीबरोबर भाजी खाल्ली. पोराने स्वतः पानं खुडून दिली होती. एक पान मी आधी जिभेला लावून पाहिलं.

छान आंबट होतं!